घरच्या कामासाठीं वेल्डिंगचें यंत्र घेतांना

मृगाचा पाऊस होऊन वाफसा यावा, आणि नेमका त्याच सकाळीं पेरणीयंत्राचा फण दांडीपाशीं मोडावा, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडे त्या दिवशीं दहा-बारा जणांचीं अवजारें रांगेनें पडलेलीं असतात. तो तरी काय करणार? दोन दिवस गेले कीं वाफसाहि गेला. अशा वेळीं लहानसें यंत्र घरींच असावें असें वाटूं लागतें, व पांच ते दहा हजार रुपयांत तें हल्लीं मिळतेंहि. मात्र तें घेतांना आम्हीं स्वतः जी चूक केली, ती इतरांनीं करूं नये म्हणून हा लेख.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. लोखंडाशीं संबंध काय तो दाराच्या कडीपुरता. तीन वर्षांपूर्वीं आम्ही मुंबईस लालबागेंत मेहुण्यांकडे उतरलों असतां नागदेवी स्ट्रीटवर गेलों. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही गल्ली हत्यारांच्या व यंत्रांच्या दुकानांनीं भरलेली आहे; ज्यास अवजारांची हौस आहे त्यानें ती एकदां पाहावीच. एका दुकानांत तीन यंत्रें मांडलेलीं होतीं. एकावर २००, दुसऱ्यावर २५०, तिसऱ्यावर ३०० असे ठळक आंकडे. किंमतींत अंतर थोडकें. आम्हीं कारकुनी हिशेब केला कीं मोठा आंकडा तो लाभाचा. गांवीं येऊन कांटा शेवटास नेला, रॉड टेकविला, आणि घरांतील मुख्य खटका उडाला. कांटा उतरविला तर रॉड लोखंडास चिकटून बसे.

मेहुण्यांनीं १९८२ च्या संपापूर्वीं परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपांत उमेदवारी केली. पुढें खिडक्यांच्या जाळ्या करण्यावरच त्यांचा संसार चालला. दिवाळीस ते गांवीं आले तेव्हां यंत्राकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. ‘भावोजी, मीटरपासून इथपर्यंत तार कुठली टाकलीत?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न.

त्याचें मर्म असें. आपल्या कामास लागणारे रॉड मुख्यतः दोन: बारा नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटर जाडीचा, त्यास ६० ते ९० अँपिअर पुरतात. व दहा नंबरचा, ३.१५ मिलिमीटरचा, त्यास ९० ते १३०. फाटक, ट्रॉलीची फळी, कुळवाचा सांगाडा हीं सर्व कामें यांत बसतात. म्हणजे खऱ्या २०० अँपिअरच्या यंत्राची शक्तिहि आपणांस पुरी लागत नाहीं. उलट १०० अँपिअरवर रॉड जळतांना यंत्र २३० व्होल्टच्या लाइनींतून, त्याच्या बनावटीप्रमाणें, १३ ते १७ अँपिअर ओढतें. आणि २०० वर तीस ते चाळीस. घरांतला जाड पिनांचा सॉकेट असतो १६ अँपिअरचा!

आतां तारेचें पाहूं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पन्नास मीटर लांब नेली, तर जाऊन येऊन शंभर मीटर होते, व १६ अँपिअरला तींत सुमारें १९ व्होल्ट मरतात. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर सातच. खेड्यांत संध्याकाळीं मुळांतच १९० व्होल्ट येत असतील, तर १९ ची गळती सोसण्यासारखी नाहीं. म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न अँपिअरचा न विचारतां ‘किती कमी व्होल्टवर चालतें?’ असा विचारावा. नंतर यंत्र उलटें करून मागची पट्टी वाचावी. तेथें २०० अँपिअरपुढें ६० टक्के असें असेल, तर त्या आंकड्यावर दहा मिनिटांत सहा मिनिटें काम व चार मिनिटें विसांवा असा अर्थ होतो. पुढच्या अंगास मोठा आंकडा आणि मागें पट्टीच नाहीं, असें यंत्र आम्ही आतां फुकटहि घेणार नाहीं.

जुन्या तऱ्हेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा कीं इन्व्हर्टर, हा वाद मेहुण्यांच्या गाळ्यांत नित्य चालतो. तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर पिढीभर टिकतो व कोणीहि मोटार भरणारा तो दुरुस्त करतो. पण वजनास भारी, आणि घरच्या लाइनीवर फार ओढतो. इन्व्हर्टर एका हातानें उचलतो, शिवाय डी.सी. प्रवाह देतो. फण, पाटे असल्या कठीण पोलादास ६०१३ जातीचा साधा रॉड लावला तर सांधा बहुधा तडकतो. त्यास ७०१८ जातीचा, नीट भट्टींत सुकविलेला रॉड लागतो, व लोखंडहि आधीं तापवावें लागतें. हा रॉड डी.सी.वर चांगला चालतो. तेव्हां शेतकऱ्यानें इन्व्हर्टरच घ्यावा असें आमचें मत झालें आहे. दोष एवढाच कीं धूळ व मुंग्या आंत शिरल्या म्हणजे त्याचें सर्किट जातें, आणि तें दुरुस्त करणारा तालुक्यास सांपडेलच असें नाहीं. घेतांनाच दुरुस्ती कोठें होईल तें लिहून घ्यावें. चोरबाजारांतील जुना इन्व्हर्टर, कितीहि स्वस्त असो, जाणत्यावांचून घेऊं नये. रॉडच्या पुड्यावर आय.एस. ८१४ हा मानक क्रमांक पाहावा.

एक कायद्याची गोष्ट. विहिरीवरील पंपाच्या जोडणीवरून हें यंत्र चालवूं नये. मंजूर कामाखेरीज वीज वापरणें २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खालीं येतें व दुप्पट दरानें आकारणी होते.

यंत्राआधीं दहा किंवा अकरा नंबरच्या काळ्या कांचेचा मुखवटा व चामडी हातमोजे घ्यावे. ठिणगीकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहणाऱ्या मुलांस रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. त्यांस अंगणांतून घालवावें. कडब्याच्या गंजीजवळ व डिझेलच्या रिकाम्या पिंपावर काम कधींहि करूं नये. जस्ताच्या मुलाम्याच्या नळ्यांचा धूर घेतल्यास ताप येतो. ट्रॅक्टरवर जोडकाम असल्यास आधीं बॅटरीच्या तारा सोडाव्या.

आमचें ३०० चें यंत्र अद्याप घरीं आहे. चार चौरस मिलिमीटरची तार घालून, कांटा १०० वर ठेवून तें चालतें; वर दिलेले पैसे गेलेच. गेल्या मृगांत फण पुन्हा मोडला, तो आम्हींच जोडला. सांधा ओबडधोबड झाला, पण पेरणी त्याच वाफशावर उरकली.