शंभर फील्ड बघ, मग ‘नाही’ लिही

पोरी, डीएमएलटीचा निकाल लागला आणि पाठोपाठ नोकरीही मिळाली, हे ऐकून जीव सुपाएवढा झाला. मशीन कसं लावायचं, कंट्रोल कधी घालायचा, हे तुला तिथले वरिष्ठ शिकवतील. माझ्यापाशी आहेत त्या हाताच्या आणि डोळ्याच्या सवयी. मुंबईच्या रुग्णालयात त्या अंगवळणी पडल्या आणि निवृत्त होऊन म्हसळ्याला आल्यावर त्यांचं खरं मोल कळलं. त्या आता तुझ्या पदरात टाकते.

मलेरियाची स्लाइड तेलाच्या लेन्सखाली घेतलीस की जाड ठिपक्याची शंभर फील्ड मोजून बघ. परजीवी पहिल्याच फील्डमध्ये दिसला तर काम सोपं. पण ‘आढळला नाही’ हे शब्द लिहायचे तर शंभर फील्ड बघावीच लागतात. निम्म्यात मान अवघडते, शेजारी स्लाइडींचा ट्रे वाट बघत असतो आणि मन म्हणतं, नाही गं यात काही. तिथे उठायचं नाही. शंभर बघूनही काही दिसलं नाही आणि ताप मात्र चढतोच आहे, तर ‘पुन्हा नमुना पाठवा’ असं डॉक्टरांना सांगायला कचरू नकोस. रक्तातले परजीवी सगळ्या वेळी सारखे नसतात.

स्लाइडीवर नाव आणि नंबर शिसपेन्सिलीने घाल. शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते, पेन्सिल टिकते. आणि रक्त घेताना ‘तुम्ही शांताबाई ना?’ असं कधीही विचारू नकोस. कमी ऐकू येणारं, घाबरलेलं माणूस कशालाही ‘हो’ म्हणतं. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं, त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि त्यांच्यासमोरच नळीवर लिहायचं. ही सवय गावातही सोडू नकोस. एखाद्या जाणत्या बाईला ‘ही भाजी कडू असते ना?’ असं विचारलंस तर ती तुझं मन राखेल. ‘ही कशी करता?’ विचारलंस तर अर्धा तास बोलेल.

निवृत्तीनंतर करायचं काय, हे तुझ्या वयाला आत्ता दूरचं वाटेल. पण त्याची तयारी नोकरी लागल्या दिवसापासूनच करायची असते, कारण खुर्ची जाते आणि डोळा उरतो. त्या डोळ्याला रोज काहीतरी बघायला द्यावं लागतं. मी गिधाडं घेतली. चिरगाव आपल्याच तालुक्यातलं. तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात आणि महाडच्या सीस्केप संस्थेने त्यांच्यासाठी खूप खपून काम केलं आहे. मला तेव्हा घार आणि गिधाड यांतला फरकही धड सांगता येत नव्हता. दुर्बीण घेतली, पुस्तक घेतलं आणि गुरं घेऊन रानात जाणाऱ्यांच्या मागे लागले.

गिधाडं का संपत आली ते वाचताना मात्र मी माझ्या जुन्या टेबलापाशीच येऊन पोचले. गाईबैलांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देत. ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होई आणि युरिक ॲसिडचे पांढरे थर काळजावर, यकृतावर साचत. तेच युरिक ॲसिड मी जन्मभर माणसांच्या रक्तात मोजत आले! आधी बऱ्याच जणांना वाटलं होतं की हा एखादा साथीचा रोग असावा. 2004 साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून खरं कारण पुढे आलं आणि 2006 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तुझ्या आजोळी गोठा आहे, म्हणून सांगून ठेव: जनावराला वेदनाशामक देताना डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही.

डोळे उघडे ठेवणं म्हणजे काय, ते बघायला लांब जायला नको. घोणसे घाट चढून माणगाव, तिथून महाड. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, डोळ्यांदेखत घामाघूम होऊन दगावत. शंभरातली चाळीसच्या घरात जात. मोठं रुग्णालय नाही, प्रयोगशाळा नाही. ते खाटेपाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून विषाची चाल कळली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबवाल्याने ही हकीकत पाठ करावी. साधनं नाहीत म्हणून रडायचं मनात आलं की बिरवाडीची ती खाट आठवावी.

नोंद जागच्या जागी करायची, संध्याकाळी आठवून नाही. मी पावसाची ठेवते. सरळ भिंतींचं काचेचं भांडं उघड्यावर ठेवायचं, झाडाच्या आणि पागोळीच्या खाली नाही. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. कडेला पाणी वर चढलेलं असतं, मधला खोलगट भाग धरायचा. पिपेटवर शिकलीस तेच. 204.4 मिलिमीटरच्या वर गेलं तर हवामान खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, आणि आपल्याकडे मोसमाची बेरीज तीन हजारांच्या पुढे जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं कळलं की आपल्या छपरावरून किती पाणी वाहून गेलं हे तोंडी सांगता येतं. वही कागदाचीच ठेव. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाईल मुके झाले. पेन्सिलीने लिहिलेली पानं भिजूनही वाचता येत होती.

डोळ्याला द्यायचं आणखी एक काम म्हणजे मोडी लिपी, तिचंही थोडक्यात सांगते. आपला भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता, घरोघरी जुने कागद मोडीत आहेत. मी साठीनंतर शिकले. आधी ओळ आखून तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत फट नाही. पहिल्यांदा आकडे आणि गावांची नावं शोध, मग बाकीचं आपोआप उलगडतं. रोज अर्धं पान पुरे.

आता माझं सगळ्यात लाडकं काम: विहीर. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, म्हणून पहिल्या पावसाने आपल्या विहिरी गढूळ होतात आणि जुलाबाचे पेशंट वाढतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्यांत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. किती टाकायचं ते मोजून ठरव. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर सत्तर ग्रॅम पावडर झाली. पण ही पावडर ताजी हवी. पिशवी पावसाळी हवेत उघडी राहिली की तिचा दम जातो आणि नुसता चुना उरतो. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा कर, मग पाणी वाढवून ढवळ, दहा मिनिटं निवळू दे. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोड आणि वरखाली हलव. खालचा गाळ विहिरीत जाता कामा नये, त्याने पाणी जड होतं. तासभर कोणी पाणी भरू नये. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघायचं. थेंब टाकल्याबरोबर जो पिवळा रंग येतो तोच धरायचा, नंतर चढणारा नाही. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. तपासलेलं पाणी कोणी प्यायचं नाही, विहिरीत परत ओतायचंही नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा मोजपट्टी आणि ओटीची नवी बाटली घेऊन ये. वाडीतल्या विहिरींची मापं पाऊस लागायच्या आत वहीत चढवू. आणि तुझ्या लॅबमधले जे कोणी यंदा निवृत्त होतायत त्यांना माझा निरोप सांग: तुमच्या गावच्या जलसुरक्षकाला जाऊन भेटा, त्याला तुमच्या हाताची गरज आहे.