दिवसातून एकच गाडी

भूगोलाच्या तासाला गुरुजींनी आम्हांला जपानचा नकाशा दाखवला. त्यात वरच्या बाजूला होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. तिथे थंडीत खूप बर्फ पडतो. तिथल्या सास्शो लाईन या रेल्वेची माहिती मी लिहीत आहे.

साप्पोरो हे त्या बेटावरचे सर्वांत मोठे शहर. तिथून ही गाडी सुटते. पुढे एक विद्यापीठ लागते. तिथपर्यंत शिकणारी मुले आणि नोकरीवाले रोज जातात-येतात. म्हणून तेवढ्या भागात २०१२ साली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्याच्या पुढे शेते आणि लहान लहान गावे. तिकडे डिझेलवर चालणारा एकच डबा जायचा.

शेवटचे स्टेशन शिन-तोत्सुकावा. तिथे आधी दिवसातून तीन गाड्या यायच्या. माणसे कमी म्हणून २०१६ साली एकच ठेवली. ती सकाळी यायची आणि दहा वाजता परत जायची. ती चुकली की गेला दिवस! नदीपलीकडे ताकिकावा हे मोठे स्टेशन आहे. तिथे पुष्कळ गाड्या, मग लोक तिकडेच जायचे. घरोघरी मोटारीही आल्या. जवळच्या पाळणाघरातली लहान मुले मात्र दहाच्या गाडीला टाटा करायला यायची.

शेवटी विद्यापीठापुढचा सगळा मार्ग बंद करायचे ठरले. त्यावर १६ स्टेशने होती. शेवटची गाडी ६ मे २०२० ला जाणार होती. पण तेव्हा कोरोना होता. निरोपाला गर्दी होईल म्हणून १७ एप्रिललाच ती सोडली. पुष्कळांना निरोप देता आला नाही.

मी विचारले, "गुरुजी, माणसं नव्हती म्हणून गाड्या कमी केल्या, की गाड्या कमी म्हणून माणसं येईनात?" गुरुजी म्हणाले, "दोन्ही खरं आहे. एकातून दुसरं होतं."

घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "तरणी माणसं मोटार चालवतील. म्हाताऱ्यांनी दवाखान्यात जायचं कसं?" मला वाटते, गाडी बंद करताना आजीसारख्या माणसांनाही विचारावे. आता त्या भागात बस आहेत. साप्पोरोकडची रेल्वे चालू आहे.

आपल्या गावालाही गाडी येते. आपण तिच्यात बसलो तर ती येत राहील.

सांगा पाहू : सास्शो लाईन ७६ कि.मी. ५०० मीटर लांब होती. ४७ कि.मी. ६०० मीटर बंद झाली. किती उरली?

– इयत्ता ४ थी