दहा गुंठे म्हणजे किती?

माझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र ओडिशाचा आहे. एका रविवारी घरच्या जमिनीच्या गप्पा निघाल्या. त्याची जमीन दहा गुंठे, आमची गावाकडची बारा. मी सगळ्या डॉर्मिटरीसमोर म्हणालो, "म्हणजे आमचीच जास्त!" तो गप्प बसला. ती जमीन त्याच्या वडिलांनी कर्ज फेडून सोडवली आहे, हे मला नंतर कळले.

सोमवारी प्रेपच्या वेळी आम्ही दोघांनी हिशेब मांडला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हे सगळीकडे सारखेच. महाराष्ट्रात एकराचे ४० गुंठे होतात, म्हणून आपला गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. ओडिशात मात्र एकराचे २५ गुंठे. तिथला गुंठा १,७४२.४ चौरस फूट.

आमचे १२ गुंठे = १३,०६८ चौरस फूट
त्याचे १० गुंठे = १७,४२४ चौरस फूट

त्याचीच जमीन मोठी निघाली! मी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

मग इतर कॅडेटही आपापली मापे सांगू लागले. बंगाल आणि आसाममध्ये बिघा एकच, १४,४०० चौरस फूट. पण बंगालमध्ये त्याचे २० कट्ठे होतात, आसाममध्ये ५. म्हणजे आसामचा कट्ठा बंगालच्या चौपट! उलट केरळचा सेंट आणि बंगालचा डिसिमल यांची नावे दोन, पण माप एकच: एकराचा शंभरावा भाग.

आपल्याकडेही गोंधळ आहेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि गावात आरलाच गुंठा म्हणतात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा. फरक छोटा वाटतो, पण ४० आर म्हणजे एक एकर धरले, तर जवळजवळ अर्धा गुंठा कमी भरतो. वाटणीच्या वेळी तेवढ्यावरूनही भांडण होऊ शकते.

मॅप रीडिंगच्या तासाला आम्हाला शिकवतात की एकक न लिहिलेला आकडा अर्धवट असतो. मला वाटते, कधी कधी एकक लिहूनही तो अर्धवटच राहतो. आता कुणी जमीन सांगितली, की मी आधी विचारतो, "तुमच्याकडे एकराला गुंठे किती?"