काशीस काय सोडावे?

काशीयात्रेस गेलेला गृहस्थ तेथे आपल्या आवडीचे एखादे फळ किंवा भाजी कायमची सोडून येतो, अशी चाल अनेक घरांत आहे. कोणी पडवळ सोडतो, कोणी अंजीर. हा नेम प्रामाणिकपणे पाळलाही जातो. ती भाजी चुकून पानात वाढली गेली, तर हात मागे घेतला जातो. परंतु त्याच पंक्तीत धाकट्या भावाचा विषय निघाला की चेहरा कठोर होतो आणि दहा वर्षांपूर्वीचा शब्द जसाच्या तसा ओठांवर येतो. जिभेने भाजी सोडली, मनाने राग सोडला नाही. मग यात्रा कोणी केली?

क्रोध परक्यांपेक्षा आपल्या माणसांवरच अधिक का येतो? कचेरीत वरिष्ठाचे कठोर बोल मुकाट्याने गिळणारा माणूस घरी आल्यावर चहा निवला म्हणून कडाडतो. याचे उत्तर भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२ व ६३) दिले आहे. तेथे क्रोधाची परंपरा संगापासून सुरू होते. संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश. जेथे संग अधिक, तेथे क्रोधाला जागाही अधिक. घरात हा संग केवळ माणसांविषयी नसतो. मुलाने कसे वागावे, सुनेने कसे बोलावे, भावाने काय मानावे, याविषयी आपण मनात जे चित्र रंगवलेले असते, त्यावरच आपला जीव जडलेला असतो. माणूस त्या चित्राबाहेर गेला की क्रोध येतो.

स्मृतिभ्रंशाचा अर्थ आचार्यांनी शास्त्रोपदेशाचे विस्मरण असा केला आहे. गृहस्थाला त्याचा आणखी एक अर्थ रोज अनुभवास येतो. रागाच्या भरात ‘तू माझ्यासाठी कधी काही केले नाहीस’ हे वाक्य तोंडून निघते, तेव्हा रात्र रात्र उशाशी बसलेली आई किंवा आपल्या शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण सोडणारा थोरला भाऊ त्या क्षणापुरता पुसला जातो. समोर उरतो तो केवळ आजचा अपराधी.

या विषयाचे मर्म सांगणारी एक कथा काशीशीच जोडलेली आहे. श्रीएकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पैठणास आरंभिली. पहिले पाच अध्याय तेथे झाले आणि उरलेला ग्रंथ काशीत शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये पूर्ण झाला. त्या स्कंधाचा तेविसावा अध्याय भिक्षुगीतेचा आहे. अवंतीचा एक कृपण धनिक. त्याच्या कृपणपणाने घरचे सारे दुरावले, पुढे धन गेले, तेव्हा स्वकीयांनी त्याची उपेक्षा केली. विरक्त होऊन तो भिक्षेस निघाला, तर लोकांनी त्याची विटंबना केली. तो मात्र विचार करतो की, सुखदुःखाचे कारण लोक नव्हेत, ग्रह नव्हेत. मनच हे चक्र फिरवते. तो एक साधा दाखला देतो. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर रागवावे कोणावर?

कुटुंबाच्या जीवनात या दाखल्याइतका उपयोगी दाखला क्वचितच सापडेल. जीभ चावली म्हणून कोणी दात पाडून टाकीत नाही. वेदना खरी असते, रक्तही येते. तरी दात आणि जीभ एकाच मुखात राहतात व दुसऱ्या दिवशी मिळून घास घेतात.

हा विचार काशीत बसून मराठीत उतरविणाऱ्या नाथांना तो स्वतःच्या घरात आचरावा लागला. त्यांचे पुत्र हरिपंडित हे संस्कृत विद्येत निष्णात. वडिलांनी पुराण प्राकृतात सांगावे आणि कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना मानवेना. संतचरित्रांत आणि वारकरी परंपरेत असे सांगतात की, ते रागावून सहकुटुंब काशीस निघून गेले. पुत्राचा पक्षही शास्त्राचाच होता, हे येथे विसरू नये. घरातील कठीण कलह असेच असतात. त्यांत एक दुष्ट आणि एक सज्जन नसतो, दोघेही आपापल्या परीने योग्यच असतात.

नाथ पुत्राला आणावयास काशीस गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. प्राकृतात निरूपण करावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. ज्याने उभे आयुष्य मराठीत देवाचे गुण गाण्यात घालविले, त्याच्याकडे त्याच्या मुलाने तीच वाणी मागितली. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या. पैठणास परतल्यावर पुत्र संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते ओसरले. नाथांनी एका शब्दानेही त्याला हिणविले नाही. पुढे एका गरीब स्त्रीला सहस्रभोजनाचा संकल्प फेडावयाचा होता. तिच्या घरी हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला व नाथ जेवले. पत्रावळ उचलू जाता खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. पुत्राचा अभिमान गळाला, अटी सुटल्या, नाथांची मराठी वाणी पुन्हा सुरू झाली.

कथेतील चमत्कार श्रद्धेने घ्यावा. परंतु त्याआधीचे वर्तन प्रत्येकाला आचरता येण्याजोगे आहे. नाथांनी आपले मत सोडले नव्हते, सोडला तो आग्रह. वाद जिंकण्याऐवजी त्यांनी पुत्राला घरी आणले आणि सत्याला स्वतःच्या बळावर उभे राहण्यास अवसर दिला.

गृहस्थाने यातून तीन गोष्टी घ्याव्यात. रागाचा वेग चढला असता निर्णय करू नये. तो वेग देह असेतोवर सोसू शकतो, त्यालाच भगवंत पाचव्या अध्यायात (श्लोक २३) योगी व सुखी म्हणतात. बोलण्यापूर्वी समोरच्याचे एक तरी उपकाराचे कृत्य आठवावे. भ्रष्ट होऊ पाहणारी स्मृती त्याने सावरते. आणि समेटासाठी पहिले पाऊल वडीलधाऱ्याने टाकावे, कारण नमण्यात त्याचे मोठेपण उणे होत नाही.

मात्र क्षमा म्हणजे अन्यायाला मूक संमती नव्हे. घरात कोणी हात उगारीत असेल, दुबळ्याला छळीत असेल, तर त्याला आवरणे आणि पीडिताला आधार देणे हेच कर्तव्य होय. गीतेचा उपदेश ऐकून अर्जुनाने धनुष्य उचलले होते. टाकावयाचा होता तो मोह, कर्तव्य नव्हे.

काशीस आवडीची भाजी अवश्य सोडावी. पण नाथांनी त्या यात्रेत जे सोडले, ते सोडण्यास काशीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. ज्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्याच्या दाराशी स्वतः होऊन जावे. तेथे आपला आग्रह उंबऱ्याबाहेर ठेवून आत पाऊल टाकणे, हीही काशीयात्राच आहे.