आवाजाची पारख

प्रस्तावना
घरी संगीत ऐकण्यासाठी उत्तम स्पीकरची जोडी घेणे हा सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मोठा खर्च असतो. दुकानात मात्र निवड काही मिनिटांतच उरकली जाते. दोन स्पीकरांच्या आवाजाची न्याय्य तुलना कशी करावी आणि तो आवाज मुद्रित करताना कोणत्या मर्यादा येतात, याचे विवेचन या पाठात केले आहे.

पाठ
ध्वनिमुद्रित आवाजाच्या परीक्षेचा इतिहास जुना आहे. १९१५ पासून अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने जाहीर कार्यक्रम केले. गायिका आणि ध्वनिमुद्रिका आळीपाळीने गात. पुष्कळ वेळा सभागृहात अंधार केला जाई. श्रोत्यांना खरा आवाज कोणता, हे ओळखता येत नसे. आपण आपला आवाज यंत्राशी जुळवून घेत होतो, असे ॲना केस या गायिकेने पुढे सांगितले. म्हणजे जो मापदंड असायला हवा, तोच वाकवला गेला होता.

आजच्या श्रोत्याचीही फसगत होते. त्याचे पहिले कारण आवाजाची पातळी. आवाज हळू असताना कानाला खर्जाचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले. आवाज थोडा वाढवला, की तेच संगीत भरदार भासते. म्हणूनच किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर सरस वाटतो.

दुसरे कारण डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून व एकदा उघडपणे ऐकवले. स्पीकर दिसू लागताच श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले.

तिसरे कारण खोली. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो; जड पडदे आणि गाद्यागिरद्या तार स्वरांची धार कमी करतात. त्यामुळे दुकानात ऐकलेला स्पीकर घरी निराळा वाटू शकतो.

यास्तव दोन्ही स्पीकर एकाच खोलीत, आळीपाळीने एकाच जागी ठेवावेत. आवाजाची पातळी मापकाने सारखी करून घ्यावी. समोर पातळ कापड लावावे आणि अदलाबदल दुसऱ्याने करावी. सूक्ष्म फरकाची आठवण फार लवकर पुसली जाते. म्हणून ओळखीच्या गाण्याचा लहानसा तुकडाच पुनःपुन्हा ऐकावा. मानवी कंठ कानाच्या विशेष परिचयाचा असल्याने त्यातील दोष चटकन कळतात. कापड दूर करण्यापूर्वीच आपले मत लिहून ठेवावे.

काही रसिक स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून त्याचा आवाज मुद्रित करतात आणि दूरच्या मित्राला ऐकवतात. अशा मुद्रणात स्पीकरबरोबर खोली आणि मायक्रोफोन यांचेही गुणदोष उतरतात. ऐकणाऱ्याच्या स्पीकरमधून खर्ज निघतच नसेल, तर मुद्रणातील खर्ज त्याला कसा ऐकू येणार? तरीही मायक्रोफोनची जागा, अंतर आणि पातळी न बदलता, तसेच मोबाइलमधील आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवून मुद्रण केले, तर दोन स्पीकरांमधील ठळक फरक कळू शकतो. त्यासोबत मूळ गाणेही ऐकवावे. म्हणजे कोणता स्पीकर मुळाच्या अधिक जवळ आहे, हे समजते. असे मुद्रण केवळ तुलनेपुरते उपयोगी आहे. ते प्रत्यक्ष ऐकण्याची जागा घेऊ शकत नाही.

किंमत, नाव आणि रूप यांचा पडदा दूर व्हावा, म्हणून स्पीकरवर पडदा टाकावा लागतो. कष्टाचा पैसा खर्च करणाऱ्याने एवढी दक्षता घेणे उचितच होय.

शब्दार्थ
पारख – परीक्षा
खर्ज – खालच्या पट्टीतील स्वर
तार – उंच पट्टीतील
मापदंड – मोजण्याचे प्रमाण
क्षीण – दुबळा, मंद

स्वाध्याय
१. ‘मापदंड वाकवला गेला’ असे लेखात का म्हटले आहे?
२. श्रोत्याची फसगत होण्याची तीन कारणे लिहा.
३. मुद्रित आवाजावरून स्पीकरची संपूर्ण पारख का होत नाही?
४. एखादी वस्तू नाव झाकून पारखल्यास तुमचे मत बदलेल का? आठ ते दहा ओळींत लिहा.