बाटलीतलं पाणी की खाणीतलं पाणी?

मित्रांनो, वॉटर सॅम्पलिंग म्हटलं की वाटतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? बाटली बुडवली, बूच लावलं, लॅबला पाठवली, झालं! पण बाटलीत गेल्यावरही पाण्यातल्या रासायनिक क्रिया चालूच राहतात. लॅबमधलं उपकरण कितीही महाग असो, बाटलीत जे उरलंय तेच ते मोजतं. आणि खाणीजवळच्या गावातली विहीर पिण्यायोग्य आहे की नाही, हे त्याच आकड्यावरून ठरवलं जातं.

बाटलीत काय घडतं?

कोळशाच्या बऱ्याच थरांमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. खोदकामात त्याला हवा आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेलं फेरस लोह तयार होतं. असं पाणी भरताना अगदी स्वच्छ दिसू शकतं. पुढे ऑक्सिजनमुळे फेरसचं फेरिक होतं आणि नारिंगी साका तळाशी बसतो. या क्रियेत लोहाच्या प्रत्येक आयनामागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, त्यामुळे पीएच घसरतो. शिवाय आर्सेनिक आणि शिसं त्या साक्याला चिकटतात. वरचं पाणी तपासलं तर धातू कमी दिसणारच!

नमुना कसा घ्यावा?

१) खाणीचं पाणी नाल्याला मिळतं ती जागा, तिच्या वरचा प्रवाह आणि खालचा प्रवाह, असे किमान तीन नमुने हवेत. वरचा नमुना नसेल तर खाणीमुळे नेमका काय फरक पडला, ते कळत नाही.
२) प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा. बाटलीचं तोंडही प्रवाहाकडेच हवं. पृष्ठभागावरचा तवंग आणि तळाचा गाळ टाळा.
३) बोअरवेलचं पाणी आधी उपसा. पीएच आणि कंडक्टिव्हिटी स्थिर झाल्यावरच बाटली भरा.
४) तापमान, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा.
५) बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि कोणतं रसायन घातलं ते लिहा.

जतन कसं करावं?

सगळ्या तपासण्यांसाठी एकच बाटली चालत नाही. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. हा क्रम महत्त्वाचा. आधी आम्ल घातलं तर गाळातले धातूही विरघळतात आणि आकडा फुगतो. असा नमुना साधारण ६ महिने टिकतो, पाऱ्यासाठी मात्र २८ दिवसच. सल्फेटची बाटली आम्लाशिवाय ४ अंश सेल्सिअसला ठेवायची. नायट्रेटच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घातलं तर काय होईल, हे सांगायला नकोच! आणि आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बर्फाची पेटी ही चैन नसून गरज आहे.

सुकिंदाचा धडा

पण 'धातू म्हणजे नायट्रिक आम्ल' असं पाठ केलंत तर फसाल. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यात सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणी आहेत. तिथल्या पाण्यात काळजी असते ती षट्‌संयुजी क्रोमियमची. ते पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगकारक आहे. आम्लात त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम होऊ शकतं, जे बरंच कमी विषारी असतं. म्हणजे पाण्यात विष असूनही रिपोर्टमध्ये ते दिसणार नाही! म्हणून हा नमुना आम्ल न घालता थंड ठेवून २४ तासांत तपासतात, किंवा गाळून बफरने त्याचा पीएच ९.३ ते ९.७ ठेवतात. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक आकड्याला छोटीशी चूकही पुरते.

म्हणूनच दर फेरीत डिस्टिल्ड वॉटरची एक बाटलीही साइटवर न्यावी, उघडावी, तेच रसायन घालावं आणि लॅबला द्यावी. तिच्यात धातू सापडला तर दोष खाणीचा नाही, आपल्या बाटलीचा, रसायनाचा किंवा हाताळणीचा.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी खाणीत नोकरी करेल, कुणी प्रदूषण मंडळात. रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारा : ही बाटली कुणी, कशी आणि केव्हा भरली?