न्याहारीची पूर्वतयारी



न्याहारीचा प्रश्न वरवर पाहता चुलीचा दिसतो; वास्तविक तो घड्याळाचा आहे. घरात धान्यच नाही म्हणून उपाशी शाळेत येणारी मुले असतात, आणि त्यांच्या अडचणीवर पाककृती हा उपाय नव्हे. परंतु घरात पोहे, गूळ, केळी, शेंगदाणे सर्व काही असूनही केवळ सकाळी वेळ नाही म्हणून रिकाम्या पोटी वर्गात बसणारी मुलेही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला; पण येथील धानशेती त्याहून कितीतरी जुनी. आषाढ-श्रावणात रोवणी आणि आश्विन-कार्तिकात कापणी, या दोन्ही हंगामांत घरातील बायामाणसे उजाडताच शेताच्या वाटेला लागतात. मुले शाळेस निघतात तेव्हा चूल थंड असते. एक कप चहा, सोबत दोन बिस्किटे, एवढ्यावर निभावून न्यावे लागते. आता हिशेब करा. रात्री आठ वाजता जेवलेला मुलगा दुपारी एक वाजता डबा उघडतो, म्हणजे मध्ये सतरा तास गेले! सरकारची माध्यान्ह भोजनाची योजना, जी २०२१ सालापासून प्रधानमंत्री पोषण या नावाने चालते, ती इयत्ता आठवीपर्यंतच आहे. सबब नववी-दहावीच्या मुलांस, ज्यांच्या अभ्यासाचा भार सर्वांत अधिक व ज्यांची वाढही जोमाची, त्यांस स्वतःच्या न्याहारीची काळजी स्वतःच वाहिली पाहिजे.

यावर मार्ग एकच: सवडीच्या वेळी शिजवावे आणि घाईच्या वेळी खावे. ही कल्पना समजण्यास एक परदेशी पदार्थ फार सोयीचा आहे. इंग्रजीत त्यास ‘बेक्ड ओटमील’ म्हणतात. आपण त्यास ओट्सची भाजलेली वडी म्हणू. एकदा केली असता सहा जणांची एका दिवसाची, अथवा दोघांची तीन दिवसांची न्याहारी होते.

ओट्स म्हणजे काय?

ओट हे थंड हवेत येणारे तृणधान्य आहे. हिंदीत त्यास जई म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात ते बव्हंशी जनावरांच्या वैरणीसाठी पेरतात. इंग्लंडातही एके काळी अशीच समजूत होती. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशात, इंग्लंडात घोड्यांस घालण्याचे व स्कॉटलंडात माणसांनी खाण्याचे धान्य, अशा अर्थाची थट्टेखोर व्याख्या या शब्दाची दिली आहे. स्कॉटलंडातील लोकांनी मात्र या धान्याच्या लापशीवर पिढ्यान् पिढ्या काढल्या. १८४५ साली नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव तेथील महाविद्यालयास १८८३ पासून आहे, ते याच देशचे.

दुकानात मिळणारे चपटे ओट्स आणि आपले पोहे ही एका अर्थाने भावंडेच होत. धान भिजवून, भाजून, दाबून चपटे केले म्हणजे पोहे होतात. टरफल काढलेला ओटचा दाणा वाफवून रुळांखाली चपटा केला म्हणजे ओट्स होतात. ओटच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असल्यामुळे तो लवकर खवट होतो. वाफवण्याने ती क्रिया थांबते.

भेद आहे तो अंगच्या गुणांचा. शंभर ग्रॅम ओट्समध्ये सुमारे १३ ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतू असतात; तितक्याच पोह्यांत प्रथिने सुमारे ७ ग्रॅम आणि तंतू सुमारे साडेतीन ग्रॅम. शिवाय ओट्समधील तंतूंपैकी बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, साखर रक्तात हळूहळू मिसळते, आणि पोट बराच वेळ भरल्यासारखे वाटते. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरण्यास साहाय्य होते; हा गुण वेष्टनावर छापण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली दिली.

साहित्य

चपटे साधे ओट्स दोन वाट्या (सुमारे २०० ग्रॅम), दूध ४०० मिलिलिटर, पूर्ण पिकलेली केळी दोन, अंडे एक, किसलेला गूळ तीन मोठे चमचे, भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाड कूट अर्धी वाटी, बेकिंग पावडर एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी किंवा वेलची, आणि चिरलेले फळ एक वाटी.

जे अंडे खात नाहीत त्यांनी एक मोठा चमचा जवसाचे पीठ तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावे. ते चिकट होऊन अंड्याचे काम बरेचसे करते. जवस आपल्याकडे धानाच्या उभ्या पिकातच उतेरा पद्धतीने पेरतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगणे नको.

फळ ऋतूप्रमाणे घ्यावे. थंडीत पेरू, बिया काढून, उन्हाळ्यात आंबा, सीताफळाचे दिवस असल्यास त्याचा गर. केळी बारमास आहेतच. शेंगदाण्यांबरोबर आपल्या रानातील चारोळी घातल्यास उत्तम. पपई मात्र घालू नये. कच्च्या पपईतील पाचक द्रव्यामुळे दूध कडवट होते. तसेच रंगीत पाकिटांतील गोड व मसालेदार ओट्स घेऊ नयेत. त्यांत साखर किंवा मीठ आधीच घातलेले असते, आणि पैसे अधिक पडतात ते निराळेच.

कृती

प्रथम ओट्स, शेंगदाण्यांचे कूट, बेकिंग पावडर, मीठ व दालचिनी ही कोरडी जिन्नसे एका भांड्यात एकत्र करावी. दुसऱ्या भांड्यात केळी चांगली कुस्करून त्यांत अंडे फेटावे. गूळ दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण थंड झाल्यावरच दुधात मिसळावा. गरम दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो. नंतर ओले व कोरडे एकत्र करून फळाच्या फोडी घालाव्या. मिश्रण पातळ दिसले तरी भिऊ नये. दहा मिनिटांत ओट्स दूध पितात.

सुमारे वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या डब्यास आतून तूप लावून त्यांत मिश्रण ओतावे, आणि १८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटे भाजावे. मधोमध सुरी खुपसली असता ती कोरडी निघाली म्हणजे वडी झाली. लगेच कापू नये. अंडे व दूध यांतील प्रथिने उष्णतेने आळतात, परंतु ओट्समधील पिठूळ भाग निवतानाच घट्ट होतो. म्हणून थोडा धीर धरणाऱ्याच्या वड्या नीट पडतात व उतावळ्याच्या मोडतात. थंड झाल्यावर सहा समान भाग करावे. एका भागात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने व पाच-सहा ग्रॅम तंतू येतात.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात बोटभर जाडीचा मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून झाकण लावावे व दहा मिनिटे तापू द्यावे. मग मिश्रणाचा डबा आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. कुकर वापरल्यास त्याचे रबर व शिट्टी दोन्ही काढून ठेवावी. ही गोष्ट विसरता कामा नये. चूल असल्यास खाली मंद निखारे व झाकणावरही थोडे निखारे ठेवावे. वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आहारावर रोडगे भाजणाऱ्यांस ही विद्या नवी नाही.

टिकवण्याचा विचार

आदल्या दिवशी करून ठेवण्याच्या पदार्थात खरी परीक्षा शिजवण्यात नसून ठेवण्यात असते. पाच ते साठ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते, आणि आपल्या घरातील हवा बाराही महिने त्याच टप्प्यात असते. दूध व अंडे घातलेली वडी दोन तासांच्या आत थंड करून शीतकपाटात ठेवावी व तीन दिवसांत संपवावी. सकाळी लागेल तेवढीच काढून पुरती गरम करावी. उन्हाळ्यात तर दोन तासही फार. तासाभरात ती आत गेली पाहिजे.

ज्यांच्या घरी शीतकपाट नाही, किंवा जेथे वीज वारंवार जाते, त्यांनी ही वडी रात्री करून ठेवू नये. त्यांच्यासाठी पूर्वतयारी कोरडी असावी. ओट्स मंद आचेवर खमंग भाजावे. शेंगदाणे, तीळ व जवस निरनिराळे भाजून जाडसर कुटावे. थंड झाल्यावर सर्व एकत्र करून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. सकाळी वाटीभर मिश्रणावर उकळते दूध किंवा पाणी ओतून पाच मिनिटे झाकावे. थोडे निवल्यावर वर गूळ व ताजे फळ घालावे. भरलेला डबा सुमारे पंधरा दिवस पुरवावा.

बारकाईने पाहिल्यास ही युक्ती आपल्या आजीच्या सातूच्या पिठाहून निराळी नाही. गहू, डाळे भाजून दळून ठेवायची, आणि वेळेस गूळ-दूध घालून कालवायची. पहाटे प्रवासास निघणाऱ्याची सोय याच पिठाने होत असे.

ओट्स नसल्यास

येथवर वाचून कोणी म्हणेल, की ओट्स महाग. आमच्या गावच्या दुकानात ते मिळतही नाहीत. हे म्हणणे रास्त आहे. ओट्स पोह्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात, आणि धान पिकवणाऱ्या जिल्ह्याने सकाळच्या घासासाठी परक्या धान्यावर विसंबावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वरील कोरड्या मिश्रणात ओट्सऐवजी भाजलेले पोहे घेतले तरी काम भागते. पोह्यांत तंतू कमी आहेत खरे. ती उणीव जवस, तीळ, शेंगदाणे व एखादा पेरू यांनी बरीच भरून निघते. नाचणीचे भाजलेले पीठ थोडे घातल्यास कॅल्शियमचीही भर पडते. वडीच करावयाची असल्यास अर्धे ओट्स व अर्धे जाडे पोहे घ्यावे.

आपल्या पूर्वेस छत्तीसगडात बोरे-बासीची चाल आहे, व आपल्याकडील सीमेलगतच्या गावांतही बासी अपरिचित नाही. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा व सकाळी कांदा, मीठ, मिरचीबरोबर खायचा. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, छत्तीसगड सरकारने श्रमिकांच्या सन्मानार्थ बासी खाण्याचे आवाहन केले होते. रात्री तयार व सकाळी हजर, अशी ही जुनीच न्याहारी. मात्र तिच्यात प्रथिने थोडी. सोबत एखादे उकडलेले अंडे, दही किंवा मूठभर फुटाणे असावे. भाताविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणून भात उरताच तासाभरात स्वच्छ पाण्यात घालून झाकावा, सकाळीच संपवावा, आणि वास वा चिकटपणा बदललेला दिसल्यास खुशाल टाकून द्यावा.

तात्पर्य, ओट्स हे निमित्त होय. घेण्याजोगी गोष्ट आहे ती शिस्त. आदल्या रात्री दहा मिनिटे काढणे हे कोणाही घरी अशक्य नाही. मात्र ती दहा मिनिटे आईचीच असावी असा नियम कोठे आहे? दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या माऊलीच्या माथी रात्रीचे आणखी एक काम मारणे, ही पूर्वतयारी नव्हे. दाणे कुटणे, गूळ किसणे, डबा भरून झाकण घट्ट लावणे, ही कामे नववीतील मुलगा व मुलगी सारख्याच सहजतेने करू शकतात. स्वयंपाकघर मुलींचे व अंगण मुलांचे ही वाटणी आता सोडली पाहिजे.

येत्या सुट्टीत प्रत्येकाने ही एक गोष्ट करून पाहावी: आठवड्याचे कोरडे मिश्रण स्वतः तयार करावे, सात दिवस स्वतः खावे, आणि धाकट्या भावंडांसही द्यावे. कोणते धान्य घेतले, खर्च किती आला, मधल्या सुट्टीपर्यंत भूक लागली की नाही, हे वहीत टिपून ठेवावे. अशी टिपणे शाळा उघडल्यावर वर्गात वाचली जावीत, अशी आमची इच्छा आहे. ज्याची वही सात दिवस कोरी राहिली नाही, त्याने या धड्यातील मुख्य भाग पुरा केला असे आम्ही समजू.